भुऱ्याची खाज आणि उपासाची भगर : प्रकल्प नोंदी
सेलू तालुका, जिल्हा वर्धा

१८ जून २०२५

आमचं दुकान पशुखाद्याचं. सरकी ढेप, तूर चुनी, मिनरल मिक्श्चर, गोचिडाचं औषध हा मूळ माल. कुत्र्याचं खाद्य नंतर आलं, कारण गावात लॅब्राडॉर आले. आज कापसाच्या व्यापारातले एक भाऊ आले, त्यांच्या रोझीला घेऊन. तिचे दोन्ही कान लाल, आतून काळपट मळ, आणि बसल्या जागी पुढचा पंजा चाटणं चालूच. म्हणाले, "ताई, ते बिनखाजीचं खाद्य हाय का तुमच्याकडे? मोबाइलवर पाह्यलं मी."

डीलरकडून मागवता आलं असतं. पण मी काय विकणार हे मलाच नीट सांगता येईना. मार्जिन चांगलं आहे म्हणून पोतं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाने फरक पडला नाही म्हणून तोंड फिरवायचं, हे मला नको. आमचा भुऱ्याही वर्षभर खाजवून राहिला आहे. गावठी, नसबंदी झालेला, राखणीचा कुत्रा. पोटाखालचे केस गेलेले, काखेत कातडी जाड. मास्तरीणबाईंच्या मनी मांजरीच्या पाठीवरही खपल्या आहेत. तर हे तिघं घेऊन नीट करून पाहायचं आणि लिहून ठेवायचं ठरवलं. काउंटरवर पुढे काय ठेवायचं ते यावरून ठरेल.

एक गोष्ट आजच लिहून ठेवते. आम्ही सुटं खाद्य किलोने विकतो. पोतं फोडून ठेवलेलं, वर पत्र्याचं माप. तेच माप चिकनवाल्या पोत्यात, तेच मटणवाल्यात, पोरगा घाईत असला की ढेपेतही. पिशवीत बांधून दिलं की त्यात काय आहे हे सांगणारा कागद पोत्यावरच राहतो. ज्याला ठरावीक एका गोष्टीची अॅलर्जी आहे त्याच्यासाठी असलं खाद्य कामाचंच नाही. शिवाय उघड्या पोत्यात दमट हवेत बारीक कीड धरते, तिचाही काही कुत्र्यांना त्रास होतो. पावसाळा तोंडावर आहे.

२१ जून

तिघांना तालुक्याच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी खाण्याचा विषय आधी बाजूलाच ठेवला. म्हणाले, खाज म्हटली की पहिलं नाव पिसवेचं, मग गोचिड, मग खरूज, मग बुरशी आणि जंतू. खाद्य सगळ्यात शेवटी. कातडी खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. भुऱ्या आणि रोझी दोघांतही खरजेचे किडे दिसले नाहीत. (एका खरवडणीत दिसले नाहीत म्हणजे नसतीलच असं धरत नाहीत, म्हणून पिसवेचं असं औषध दिलं की ज्याने खरूजही जाते.) रोझीच्या कानात यीस्ट निघालं. भुऱ्याच्या पोटाला जंतूंचे फोड, त्यासाठी गोळ्या आणि औषधी शाम्पू.

खाद्याचा संशय कधी घ्यायचा, हेही विचारून घेतलं. उन्हाळा-पावसाळा-हिवाळा न पाहता बारा महिने खाज. कान परत परत बिघडणं. पंजे, काख, जांघ, गुदद्वाराभोवतीचा भाग. सोबत शी पातळ किंवा दिवसातून बऱ्याचदा. भुऱ्याला यातलं जवळजवळ सगळं लागू पडतं. रोझीला निम्मं.

व्यापारी भाऊंनी केसांचा नमुना पाठवून अॅलर्जी शोधणाऱ्या तपासणीची जाहिरात दाखवली. डॉक्टरांनी मान हलवली. केस, लाळ, रक्त, कशावरूनही खाद्याची अॅलर्जी खात्रीने कळत नाही. निरोगी कुत्र्याच्या लाळेवरूनही चार पदार्थ 'वर्ज्य' निघतात. एकच रस्ता: ज्या गोष्टी जनावराने कधी खाल्ल्या नाहीत तेवढ्याच आठ आठवडे द्यायच्या, फरक पडला तर जुनं परत घालून खाज उलटते का ते पाहायचं.

२९ जून

मनीचा निकाल लागला. बारीक दातांच्या फणीने पाठ विंचरली, निघालेला काळा भुगा ओल्या पांढऱ्या कागदावर टाकला. मातीचा असता तर तसाच राहिला असता. याच्याभोवती तांबूस वर्तुळं पसरली, म्हणजे पिसवांची विष्ठा, त्यात पचलेलं रक्त. मानेवर थेंब टाकायचं मांजरीसाठीचं औषध दिलं आणि अंथरूण उन्हात टाकलं. खपल्या वाळून राहिल्या आहेत. मांजर प्रकल्पातून बाद. बरंच झालं. मांजरीला नवं अन्न आवडलं नाही तर ती सरळ उपाशी बसते, आणि दोन-तीन दिवस न खाल्लेल्या मांजरीच्या यकृतावर चरबी चढून जिवावर बेतू शकतं.

दुकानासाठी टीप, ठळक: कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरीला विष आहे. गोठ्यात फवारायचं गोचिडाचं औषध लोक कुत्र्यामांजरांना चोळतात, तेही बंद करायला सांगायचं. "गाईले चालते तं मांजरीले काऊन नाही?" असं विचारणारे रोज भेटतात.

६ जुलै, आषाढी

आज दिवसभर यादी केली. डॉक्टरांनी सांगितलं होतं, भुऱ्याने जन्मापासून काय काय खाल्लं ते आठवून लिहा. पहिल्या दमात लिहिलं: भाकर, दूध. मग घरातला एकेक जण आठवून सांगू लागला आणि कागद भरला.

ज्वारीची भाकर दुधात कुस्करून, रोज सकाळी. ताक. उरलेली पोळी. वरण, कधी वरण-भात. अंड्याची टरफलं. चिकनच्या दुकानाबाहेर पडलेली कातडी आणि पंजे. बोकडाची हाडं. पोरं शाळेतून येताना ग्लुकोज बिस्किट टाकतात ते. टपरीवरचा पाव. म्हैस व्याली की चीक, आणि हाकलायच्या आधी वासरामागून पडणारी वारही ओढून खाल्लेली, ती दोनदा तरी मी डोळ्यांनी पाहिली. सोयाबीन मळताना पडलेले दाणे. आमच्याच दुकानातलं सुटं चिकन खाद्य. सासूबाई म्हणाल्या, "अन् मी देतो त्या दशमीचं काय?" दशमी म्हणजे दुधात भिजवलेली कणीक. तीही लिहिली.

ही यादी हाच सगळा खेळ आहे असं मला आज वाटलं. पिशवीवर काय छापलंय ते नंतर. अॅलर्जी होते ती खाल्लेल्या प्रथिनाची. जे पोटात कधी गेलंच नाही त्याच्याविरुद्ध शरीराने तयारी केलेली नसते. त्यामुळे एका कुत्र्याला जे नवं ते दुसऱ्याला रोजचं. भंडारा-गोंदियाकडच्या तलावाकाठच्या कुत्र्याला मासोळी देऊन परीक्षा होणार नाही, तिथे घरोघरी मासोळीचं उरलंसुरलं कुत्र्यापुढे पडतं. आमच्या घरी मासोळी शिजतच नाही, भुऱ्यासाठी ती कोरी.

कुत्र्यांना नेमकी कशाची अॅलर्जी होते याचा जगभरातला आढावा २०१६ साली राल्फ म्युलर, थिएरी ऑलिव्री आणि पास्कल प्रेलो यांनी छापला. २९७ कुत्र्यांत गोमांस ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७, कोंबडी १५, गहू १३, सोया ६, मेंढीचं मांस ५. मासळी आणि तांदूळ प्रत्येकी २. एका कुत्र्याला दोन-तीन गोष्टींचीही असू शकते, म्हणून बेरीज करायची नाही. लोक सगळा दोष धान्याला देतात आणि 'ग्रेन फ्री' मागतात. या आकड्यांत वरच्या चारांत तीन प्राण्यांकडून आलेले पदार्थ आहेत. धान्य काढून चिकन वाढवलेलं पोतं चिकनच्या अॅलर्जीला काय कामाचं?

गोमांसाचा आकडा पाहून सासऱ्यांनी कागद बाजूला सारला. आपल्याकडे २०१५ पासून बैलाच्याही कत्तलीला बंदी आहे, भुऱ्याने ते कुठून खाणार. पण दूध तर गाईचंच. गाईच्या रक्तातली काही प्रथिनं दुधातही उतरतात, मांसातही असतात. दूध-भाकरीवर वाढलेल्या कुत्र्याच्या यादीत हे दोन रकाने वेगळे धरता येत नाहीत. वारेचं तर बोलूच नका.

आता प्रथिन ठरलं, मासोळी. सोबत पोट भरायला काय? ज्वारी रोजची, गहू रोजचा, भात अधूनमधून. रताळं चाललं असतं, पण एकादशी झाली की बाजारातून गायब होतं आणि आठ आठवडे मिळत राहिलं पाहिजे. तेवढ्यात सासूबाई भगर निवडत बसल्या होत्या. भगर! उपासाचं खाणं कुत्र्यापर्यंत पोचतच नाही, पातेलं माणसंच पुसून खातात. श्रावण तोंडावर, दुकानोदुकानी मिळणार. डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, चालेल, पण पीठ नको, अख्खी घ्या, निवडून धुऊन शिजवा.

भगर आणि मासोळी एका भांड्यात शिजणार हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

९ जुलै

रोझीची यादी उलटी निघाली. घरचं जवळपास काही नाही, पण पिशव्या सतरा. कधी चिकनची, कधी 'लॅम्ब अँड राइस', कधी मासळीची, वर दही-भात, वर चघळायच्या कातडी काड्या. त्या 'लॅम्ब' पिशवीचा मागचा बारीक मजकूर वाचला. तिसऱ्या ओळीत चिकन फॅट, पाचव्या ओळीत 'पोल्ट्री मील'. समोर मेंढीचं चित्र मोठं. बाजारातल्या अशा मोजक्या घटकांच्या खाद्यांची डीएनए तपासणी परदेशांत बऱ्याच वेळा झाली आहे. पिशवीवर नसलेल्या प्राण्यांचे अंश त्यांत सापडले, कारण एकाच यंत्रातून आधी दुसरा माल गेलेला असतो.

रोझीने इतकं काही खाल्लंय की कोरं प्रथिन शोधायचं कुठे? बटेर सुचवली कोणी तरी. पण बटेर, बदक, कोंबडी ही पक्ष्यांची प्रथिनं एकमेकांशी मिळतीजुळती, शरीर फसत नाही. बोकड आणि मेंढीचंही तसंच. तिच्यासाठी डॉक्टरांनी हायड्रोलाइज्ड खाद्य लिहून दिलं. त्यात प्रथिन बहुतेक वेळा कोंबडीचं किंवा सोयाचंच असतं, फक्त विकरांनी त्याचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की अॅलर्जीच्या पेशींना पकडायला पुरेशी लांबी उरत नाही. दोराचे इतभर तुकडे केले तर त्याने बैल बांधता येत नाही, तसं. एका प्रकारात तर पिसांचं प्रथिन याहून बारीक चिरलेलं असतं. तरी काही कुत्र्यांना तेही सोसत नाही, म्हणून ज्या प्राण्याचा दाट संशय आहे त्याचं हायड्रोलाइज्ड टाळतात. रोझीला सोयाचं दिलं.

भाव ऐकून भाऊ गप्प झाले. साध्या खाद्याच्या कित्येक पट आहे. पण पिशवी सीलबंद, मोजमाप छापलेलं, जीवनसत्त्वं घातलेली. घरच्या भांड्यात ती मेहनत आपली असते.

१३ जुलै

आज सुरुवात. भुऱ्याला पोत्यांच्या काट्यावर उभा केला, २० किलो भरला. डॉक्टरांचा हिशोब: वजनाचा पाऊण (०.७५) घात गुणिले ७०, म्हणजे वीस किलोला साधारण ६६० किलोकॅलरी, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्यासाठी त्याची १.६ पट. दिवसाला १०५० च्या आसपास. त्यातून निघालं: कोरडी भगर १७० ग्रॅम, काटे काढलेली मासोळी ३५० ग्रॅम, सूर्यफुलाचं तेल दोन चहाचे चमचे, मीठ चिमूटभर, आणि बिनवासाची कॅल्शियम कार्बोनेटची पूड त्यांनी दिलेल्या मापाने. कांदा-लसूण अजिबात नाही, तो कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. हे पूर्ण आहार नाही, मोठ्या कुत्र्याला आठ आठवड्यांपुरतं भागतं. पिल्लाला असं करायचं नाही.

मासोळी बोर धरणावरची, ओळखीच्या ढिवर काकांकडून. त्यांनी रोहू काढली, मग कशाला हे ऐकून ठेवून दिली. "कुत्र्याले रोहू? काट्यानं मरन. तीन किलोची कटला घेऊन जाय बाई." बरोबर होतं. लहान माशाचे काटे केसासारखे आणि टोकाला दुभंगलेले, हाताला लागतच नाहीत. मोठ्या माशाचे जाड, दिसतात. तुकडे वाफवले, थाळीत पसरले, गार झाल्यावर बोटांच्या चिमटीत एकेक पापुद्रा सुटा केला. पाठीचा भाग लवकर होतो. पोटाकडच्या भागाला वेळ लागतो, तिथे अंगठ्याने दाबत दाबत जायचं, टोचलं की थांबायचं. शिजलेलं मऊ मांस आणि त्यात लपलेला तो एक कडक धागा. काढलेले काटे मोजले नाहीत पण वाटी भरली. मग भगरीत कालवलं. शिजवलेले काटे मऊ होतात म्हणून तसेच देणारे लोक आहेत. मी देणार नाही.

भुऱ्याने भांडं चाटून लांब ढकलत नेलं.

२५ जुलै

श्रावण लागला. घरात अंडंही नाही, आणि मी रोज मासोळी शिजवते. सासूबाईंनी भगरीचं कळल्यावर दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलणं ठेवलं. तोडगा निघाला: गोठ्याच्या पलीकडे तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, वेगळी पळी, आणि भगरीचा डबा दुकानात. यात प्रकल्पाचाही फायदाच झाला. वेगळ्या पळीची अट डॉक्टरांनीही घातलीच होती, दुधाचा हात मासोळीच्या पातेल्याला लागू नये म्हणून.

जंताच्या गोळीचा विचार आधीच केला होता. चघळायच्या गोळ्यांना मांसाची चव लावलेली असते, ती या काळात चालत नाही. बिनचवीची साधी गोळी भगरीत लपवली. पिसवांचं औषध मानेवरचं.

५ ऑगस्ट

भुऱ्या पाच घरी खातो हे यादी करताना कळलं होतं. आता तो बांधलेला आहे. सुटा फिरवताना गळ्यात पुठ्ठा: 'मले काही देऊ नका, डॉक्टरनं मना केलं'. पोरांनी लिहिला. लोक हसतात, पण देत नाहीत. शेजारच्या काकूंनी मात्र पुठ्ठा वाचून विचारलं, "दूध तं चालते न?"

शी बांधून होते आहे. खाजेत अजून फारसं काही नाही.

१७ ऑगस्ट

फरक पडला. रात्री साखळीचा आवाज हाच माझा काटा होता: खाजवायला लागला की साखळी खडखडते. ती आता रात्रभर गप असते. काखेत लव आली आहे, कान आतून फिके. ० ते १० च्या मापावर डॉक्टरांनी सुरुवातीला ८ लिहिलं होतं, आज ३. खाद्याची अॅलर्जी असलेल्या कुत्र्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त पाच आठवड्यांत सुधारतात आणि ९० हून जास्त आठ आठवड्यांत. म्हणून पंधरा दिवसांत 'काही नाही झालं' म्हणून सोडण्यात अर्थ नाही, आणि लोक तिथेच सोडतात.

रोझीचं तसं नाही. कान औषधाने बरे, पंजे चाटणं तसंच.

२३ ऑगस्ट, तान्हा पोळा

काल पोळा. पुरणपोळीपासून भुऱ्याला दोन दिवस गोठ्यात कोंडला होता. आज लाकडी बैल घेऊन पोरं घरोघर फिरली, बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत. आमच्या दारात आली तेव्हा एका चिमुकल्याने गोठ्याच्या फटीतून अख्खा बिस्किटाचा पुडा आत टाकला, बैलासारखा कुत्र्यालाही पोळा असतो म्हणून. त्याला काय बोलणार? पुड्यावर वाचलं: गव्हाचं पीठ, साखर, पाम तेल, दुधाचे घनपदार्थ.

३१ ऑगस्ट

पुड्यानंतर तिसऱ्या दिवसापासून साखळी परत. पोट गुलाबी, कान गरम. घरात महालक्ष्म्या बसल्या आहेत, पाहुण्यांचा राबता, सोळा भाज्या, आंबील. मी मध्येच उठून गोठ्यात जाते म्हणून नणंदेला वाटतं व्याणारी म्हैस आहे.

बिस्किटाने उलटलं हे खरं, पण गव्हाने की दुधाने हे त्यातून कळत नाही. नेमाने उलटतपासणी करायची ती याचसाठी, एका वेळी एकच पदार्थ. आता परत मासोळी-भगर, शांत होईपर्यंत.

१४ सप्टेंबर

रोझीचे आठ आठवडे झाले. पंजे अजून लाल. घरातल्या माणसांनी पथ्य पाळलं होतं, हे मी त्यांच्या स्वयंपाकीण मावशींना एकटीला गाठून विचारलं. डॉक्टरांचं म्हणणं, हिला खाद्याची नसून हवेतली असणार, धूळ, घरातले सूक्ष्म किडे, परागकण. दोन्ही सोबत असणारेही कुत्रे असतात. नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं आहे.

भाऊ चिडले. "ताई, एवढ्याचं खाद्य घातलं अन् खाज तशीच!" मी म्हटलं, आता खाद्य बदलत बसायचा पुढचा सगळा खर्च वाचला, परत साध्या चांगल्या खाद्यावर या. ते पटलं असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. उरलेली पिशवी परत घ्या म्हणाले. फोडलेली होती, नाही घेतली.

२१ सप्टेंबर

भुऱ्या शांत झाला. आजपासून ज्वारीची भाकर, फक्त भाकर, बाकी तेच. पदार्थ सोसत नसेल तर काहींना काही तासांत, बहुतेकांना दोन आठवड्यांच्या आत कळतं. आधी ज्वारी घेतली कारण ती सोसली तर घरचा निम्मा प्रश्न सुटतो. भगर रोज विकत घेऊन घालणं खिशाला जड आहे.

५ ऑक्टोबर

ज्वारीने काही झालं नाही. आजपासून वाटीभर दूध.

८ ऑक्टोबर

दूधच. काल संध्याकाळी काखेत लाली, आज पहाटे साखळी वाजली आणि मी जागीच होते. दूध बंद.

दुधाने कुत्र्यांना पातळ शी होते ते वेगळं, त्यात दुधातली साखर (लॅक्टोज) पचत नाही आणि लॅक्टोज काढलेलं दूध दिलं की भागतं. भुऱ्याचं प्रथिनाचं आहे, त्यामुळे ताक, दही, दशमी, बिस्किट, चीक, सगळंच गेलं. म्हशीचं किंवा शेळीचं दूध हा उपाय नाही, त्यांची प्रथिनं गाईच्या दुधाशी फार मिळतीजुळती. म्हैस व्याली की गोठ्याचं दार लावायचं.

सासूबाईंना सांगितलं. त्या बराच वेळ भुऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मीच घालत होतो न रोज." आणि आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं, पाण्यात.

२६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. भुऱ्या शांत आहे, आजपासून गव्हाची पोळी, बिनतुपाची. ती सोसली की अंडं, मग कोंबडी. कोंबडी सोसली तर दुकानातलं कोंबडीचं साधं सीलबंद खाद्य चालेल, दुधाची पावडर नसलेलं पाहून. नाही तर कायमच्या घरगुती आहारासाठी खनिजं-जीवनसत्त्वांचं मिश्रण डॉक्टरांकडून लिहून घ्यायचं. नुसत्या भाकर-मासोळीवर वर्षं काढता येत नाहीत.

दुकानातले बदल सुरू केले. कुत्र्याचं सुटं खाद्य बंद, लहान सीलबंद पिशव्या. पत्र्याचं माप ढेपेपुरतं. हायड्रोलाइज्ड काउंटरवर ठेवणार नाही, डॉक्टरांची चिठ्ठी आली की मागवून देणार. खाजेसाठी खाद्य मागणाऱ्याला आधी फणी आणि पांढरा कागद, मग छापलेला एक कोरा तक्ता: जन्मापासून काय खाल्लं, घरी काय, शेजारी काय, रस्त्यावर काय. पन्नास प्रती काढल्या. सकाळपासून दोघे घेऊन गेले. तिसऱ्याने तक्ता उलटा करून मागच्या बाजूला उधारी लिहून मागितली.

मटणवाल्याला सांगितलंय, भुऱ्याचा निकाल लागेपर्यंत हाडं टाकू नको. कोंबडीची तपासणी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात.